गणपतीला ठरलेली गाडी नोव्हेंबरात आली: पहिल्या छोट्या मोटारीच्या खरेदीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कराडमधील एका कुटुंबाने २०२५ साली आयुष्यातील पहिली चारचाकी घेतली. पती कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहेत, पत्नी पाटण रस्त्यावरील एका आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत, शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि ७१ वर्षांच्या आईंना गुडघ्यांचा त्रास आहे. मूळ गाव कोयना खोऱ्यात असल्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा तिकडे फेरी असते. बारा वर्षे घरात एकच दुचाकी होती, आणि आईंना गावी न्यायचे म्हटले की दर वेळी भाड्याची गाडी सांगावी लागे. जून महिन्यात, एका पावसाळी रात्री आईंना तातडीने रुग्णालयात नेण्यासाठी तासभर गाडी मिळाली नाही, तेव्हा खरेदीचा निर्णय झाला.

या कुटुंबाशी माझा जुना स्नेह असल्यामुळे पहिल्या टेस्ट ड्राइव्हपासून गाडी घरी येईपर्यंत मी बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर होतो. व्यक्ती, विक्रेते आणि गाडीचे मॉडेल यांची नावे येथे दिलेली नाहीत. काही रकमा शंभराच्या पटीत केल्या आहेत. गाडी चार मीटरपेक्षा कमी लांबीची आणि १,२०० सीसीपेक्षा लहान पेट्रोल इंजिनाची होती, एवढे सांगणे पुरेसे आहे, कारण पुढे कराचा जो प्रश्न उभा राहिला तो याच दोन मोजमापांशी बांधलेला होता.

प्रश्न नेमका कोणता होता

शिक्षकांच्या मनात खर्चाची मर्यादा नऊ लाखांची होती. जाहिरातीत त्यांनी पाहिलेली किंमत ८,२०,००० रुपये होती आणि त्यावर फार तर पन्नास-साठ हजार वाढतील, असा त्यांचा हिशेब होता. जुलैच्या शेवटी शोरूममधून हाती आलेल्या कागदावर मात्र ऑन-रोड किंमत, म्हणजे रस्ता कर, विमा आणि इतर खर्च धरून होणारी रक्कम, १०,०६,१०० रुपये होती.

तो कागद आम्ही घरी आणून ओळीओळीने वाचला. एक्स-शोरूम, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत ८,२०,०००, रस्ता कर, म्हणजे महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला लागणारे ११ टक्के, ९०,२००, विमा ४६,३००, 'आरटीओ व इतर' या मोघम नावाखाली ९,५००, अॅक्सेसरीजचा संच १८,०००, फास्टॅग ६००, हँडलिंग ७,५०० आणि वाढीव वॉरंटी १४,०००. यांतील पहिल्या दोन रकमा घासाघीस करून कमी होणाऱ्या नव्हत्या. उरलेल्या ओळींमध्ये मिळून ९५,९०० रुपये होते आणि त्यांपैकी किती सक्तीचे, किती ऐच्छिक आणि किती निव्वळ विक्रेत्याचे, हे कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस शेवटचा आकडा पाहतो आणि हप्ता विचारतो. या कुटुंबानेही पहिल्या भेटीत तेच केले होते.

पर्यायांचा विचार

पहिला वाद पेट्रोल की सीएनजी हा होता. महिन्याला साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ८,४०० किलोमीटर धावणे अपेक्षित होते. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि प्रत्यक्ष अॅव्हरेज १६, सीएनजी किलोला ९० रुपये आणि अॅव्हरेज २२ धरले, तर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या आसपास बचत होत होती. सीएनजी गाडीची एक्स-शोरूम किंमत ९०,००० रुपयांनी जास्त होती. पण जुलै २०२५ पासून एक टक्का वाढूनही सीएनजीचा रस्ता कर ८ टक्केच होता, त्यामुळे करात जवळजवळ १७,००० रुपये वाचत होते आणि खरा फरक ७३,००० रुपयांवर येत होता. म्हणजे साडेतीन-चार वर्षांत जास्तीचे पैसे वसूल झाले असते. बहुतेक जण हा कराचा फरक धरत नाहीत आणि सीएनजीला उगाच महाग ठरवतात.

तरीही कुटुंबाने पेट्रोल निवडले. पाहिलेल्या सीएनजी मॉडेलमध्ये टाकीने डिकीचा बराचसा भाग व्यापला होता आणि गावाहून तांदळाची पोती व भाजी आणणे हा या घरचा नेमच आहे. गावाच्या बाजूला पंप जवळ नव्हता, टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि चढावर सीएनजीवर गाडी थोडी दमते, याची दोघांनाही धास्ती होती, कारण पत्नीकडे परवाना असला तरी सराव नव्हता. शिक्षकांचे रोजचे जाणे-येणे वीस-तीस किलोमीटरचे असते तर मी सीएनजीचाच आग्रह धरला असता. इथे माझे मत जेमतेम पेट्रोलकडे झुकत होते.

सुरक्षिततेबाबत मात्र मी अडून बसलो. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. तीत ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक दिली जाते आणि प्रौढ व बालप्रवासी यांच्या संरक्षणाचे गुण वेगवेगळे मोजले जातात. पाच ताऱ्यांसाठी प्रौढांच्या ३२ पैकी किमान २७ आणि बालकांच्या ४९ पैकी किमान ४१ गुण लागतात. विक्रेता 'फाइव्ह स्टार' म्हणाला की तो तारा याच मॉडेलचा आहे की त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचा, हे विचारावे लागते. मागे दोन मुले बसणार असल्यामुळे आम्ही बालप्रवाशांचे गुण आधी पाहिले, आणि या एका निकषावर तीनपैकी एक मॉडेल यादीतून गेले.

टेस्ट ड्राइव्हचा अनुभव सांगण्यासारखा आहे. पहिली फेरी शोरूमच्या माणसाने शहराबाहेरच्या सपाट रस्त्यावर दिली, गाडीत दोघेच होते, आणि दोन्ही गाड्या सारख्याच छान वाटल्या. दुसऱ्या वेळी आम्ही आईंसह सगळ्यांना बसवले, एसी लावला आणि चढाचा रस्ता मागितला. एका गाडीची आसने इतकी खाली होती की उतरताना आईंना दाराचा आणि मुलाचा आधार घ्यावा लागला. "बसायला बरी आहे रे, पण उठवत नाही," एवढेच त्या म्हणाल्या, आणि निवड तिथेच झाली. ज्या गाडीचे आसन उंच होते तीच चढावर अर्ध्या क्लचवर मागे न सरकता उभी राहत होती, हा आणखी एक फायदा.

ऑगस्टमधील पेच

९ ऑगस्टला ११,००० रुपये भरून बुकिंग झाले. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि गाडी त्याआधी दारात यावी, असे ठरले. बँकेची कागदपत्रेही दिली गेली.

१५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा कराच्या दरांत दिवाळीपर्यंत सुधारणा होतील, असे जाहीर केले. तोवर या गटातील पेट्रोल गाडीला २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर, असे २९ टक्के लागत होते. नवा दर काय असेल आणि तो कधी लागू होईल, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हते. चर्चा १८ टक्क्यांची होती.

शोरूममधून दोनच दिवसांत फोन आला. ऑगस्टमध्येच बिल केले तर २५,००० रुपयांची जादा सूट मिळेल, पुढे मागणी वाढली की सूटही नाही आणि गाडीही नाही, असे विक्री प्रतिनिधीने सांगितले. त्याच्या म्हणण्यातला दुसरा भाग खोटा नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. आम्ही कागदावर मांडले: २९ टक्क्यांसह ८,२०,००० रुपये असलेली गाडी १८ टक्क्यांवर ७,५०,००० रुपयांच्या आसपास येते; रस्ता कर या किमतीवर मोजला जात असल्याने तोही ७,७०० रुपयांनी उतरतो. म्हणजे दर खरोखर कमी झाला तर ७७,७०० रुपये वाचतात, न झाला तर २५,००० रुपयांची सूट हातची जाते. याशिवाय सणाला गाडी नाही, ही आईंची आणि मुलांची नाराजी वेगळीच. जवळ काहीच पर्यायी वाहन नसते तर मी सूट घेऊन मोकळे व्हा, असेच म्हटले असते. पण दोन महिने भाड्याच्या गाडीवर काढणे शक्य होते, म्हणून थांबण्याकडे कौल दिला.

मग तिसरा प्रस्ताव आला, आणि या सगळ्या प्रकरणात खरा धोका तिथे होता. "सर, बिल आत्ता करून ठेवू, सूट मिळवू, गाडी तुम्ही दसऱ्याला न्या," असे प्रतिनिधी म्हणाला. ऐकायला ही मधली वाट वाटते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४ नुसार, दर बदलण्याआधी बिलही झाले आणि पूर्ण पैसेही दिले गेले, तर गाडी नंतर ताब्यात आली तरी जुनाच दर लागतो. उलट केवळ बुकिंगची रक्कम आधी भरलेली असेल आणि बिल व ताबा दोन्ही नंतरचे असतील, तर नवा दर लागतो. शिक्षक जवळजवळ हो म्हणाले होते. त्यांनी एक रात्र मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शोरूमला ईमेल पाठवला: बुकिंग कायम ठेवावे, आमच्या लेखी संमतीशिवाय बिल करू नये, आणि बिलाच्या दिवशी लागू असलेली किंमतच आकारावी. दोन दिवसांनी 'नोंद घेतली' असे एका ओळीचे उत्तर आले. पुढे दोनदा तीच एक ओळ उपयोगी पडली.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, या गटातील गाड्यांना १८ टक्के दर लागू झाला. उपकरही गेला.

कागदाची दुसरी फेरी

नवी किंमत जाहीर झाल्यावर उरलेल्या ओळींचा विचार सुरू झाला. विम्याच्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ गेला. नव्या चारचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीसाठी त्याचा हप्ता तेव्हा १०,६४० रुपये अधिक कर असा ठरलेला होता आणि तो सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. आम्ही बाहेरून दोन प्रस्ताव मागवले, मात्र तिन्हींमध्ये आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखीच धरायला लावली आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) व इंजिन संरक्षण ही दोन कलमे तिन्हीकडे ठेवली, कारण तसे केले नाही तर स्वस्त दिसणारा विमा कमी आयडीव्हीमुळे स्वस्त दिसत असतो. कोयनेच्या पावसात इंजिन संरक्षण ही चैन नव्हे. बाहेरचा सर्वांत चांगला दर ३५,९०० रुपये होता. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती करता येत नाही, हे शांतपणे सांगून तो कागद पुढे ठेवल्यावर शोरूमचा आकडा ४६,३०० वरून ३७,२०० वर आला. तेराशे रुपयांसाठी पुन्हा वाद नको म्हणून त्यांनी तो स्वीकारला, आणि मला त्यात गैर वाटले नाही.

हँडलिंगचे ७,५०० रुपये कोणत्या सरकारी पावतीवर दिसतील, असे विचारल्यावर ती ओळ खोडली गेली. नोंदणीची मोघम रक्कम ९,५०० वरून ४,५०० झाली. नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि कर्जाचा बोजा नोंदवण्याचे १,५०० रुपये, हे त्यातील मुख्य सरकारी आकडे आहेत; त्यावरचे पैसे कशाचे, याचे पूर्ण उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी केव्हाही घेता येत होती, म्हणून ती लांबवली. अॅक्सेसरीजच्या संचाऐवजी पायपुसणी, सीट कव्हर आणि चिखलरोधक फ्लॅप बाहेरून ५,२०० रुपयांत घेतले.

कर्जाबाबत शोरूममधील प्रतिनिधी "फक्त सव्वापाच टक्के" म्हणत होता आणि पगाराचे खाते असलेली बँक नऊ टक्के सांगत होती. पहिला दर फ्लॅट होता, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहते. दुसरा उरलेल्या मुद्दलावरचा. सहा लाखांवर सात वर्षांसाठी पहिल्याचा हप्ता ९,७६८ रुपये येत होता आणि दुसऱ्याचा ९,६५३. सव्वापाच टक्क्यांचे कर्ज नऊ टक्क्यांपेक्षा महाग आहे, हे पत्नींना आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावरच पटले. त्यांनी बँकेचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता १२,४५५ रुपये झाला, पण सात वर्षांच्या तुलनेत व्याज सुमारे ६३,६०० रुपयांनी कमी.

यार्डातील सकाळ

दसऱ्याला गर्दीमुळे गाडी मिळाली नाही. दिवाळीच्या पाडव्याचा, २२ ऑक्टोबरचा, मुहूर्त ठरला. पूर्ण पैसे देण्याआधी आणि बिल होण्याआधी गाडी यार्डात दिवसाउजेडी पाहायची, हा आग्रह आम्ही पूर्वीच लेखी नोंदवला होता. बिल झाले की चॅसी क्रमांक तुमच्या नावाशी जोडला जातो आणि नंतर सापडलेला दोष हा 'दुरुस्त करून देऊ' या वाक्यावर येऊन थांबतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

१५ ऑक्टोबरला पाहिलेल्या निळ्या गाडीच्या पाटीवर उत्पादनाचा महिना मार्च २०२५ होता. टायरवरील चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो. तो चारपैकी तीन टायरांवर ०८२५ आणि चौथ्यावर ३१२५ होता. म्हणजे एक टायर ऑगस्टच्या आसपासचा, नंतर बदललेला. का बदलला, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. मागच्या डाव्या दाराच्या कडेला रंगाचा पोतही किंचित वेगळा वाटत होता; तो उन्हात, तिरक्या नजरेनेच दिसत होता. गाडी सात महिने उघड्यावर उभी होती, एवढ्यावरून मी तिला बाद ठरवले नसते. टायर आणि दार एकत्र आल्यावर मात्र मन घेईना.

दुसरी गाडी ऑगस्टमधील होती, पण पांढरी, आणि ती पाडव्यानंतरच येणार होती. घरात त्या रात्री बरीच चर्चा झाली. मुलांना निळी हवी होती, शिक्षकांना मुहूर्त मोडायचा नव्हता. शेवटी आईच म्हणाल्या, "गणपती गेला, दसरा गेला. चांगली गाडी ज्या दिवशी येईल तो मुहूर्त." बुकिंग पांढऱ्या गाडीवर वळवले गेले.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी क्रमांकपाटीसह घरी आली. एकूण खर्च ८,८०,००० रुपये झाला: गाडी ७,५०,०००, रस्ता कर ८२,५००, विमा ३७,२००, नोंदणी ४,५००, फास्टॅग ६०० आणि बाहेरच्या वस्तू ५,२००. पहिल्या कागदापेक्षा हे १,२६,१०० रुपयांनी कमी होते. त्यातील ७७,७०० कराच्या बदलाचे आणि ४८,४०० ओळी वाचल्याचे. ऑगस्टची हुकलेली सूट आणि गणपतीत भाड्याच्या गाडीला दिलेले ४,५०० रुपये वजा केले, तर थांबण्याचा निव्वळ फायदा ४८,२०० रुपये उरतो. योगायोगाने थांबण्याचा हा फायदा आणि ओळी वाचल्याची बचत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. पण पहिला सरकारच्या निर्णयावर अवलंबून होता आणि दुसरा कोणत्याही वर्षी मिळू शकला असता.

वेगळे काय करता आले असते

तीन चुका झाल्या आणि त्यांत माझाही वाटा आहे. पहिली, बुकिंग करण्याआधी लेखी कोटेशन घेतले नाही. ११,००० रुपये गुंतल्यावर घासाघीस करणे जड गेले. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हेही आम्ही पावतीवर वाचले ते बुकिंगनंतर.

दुसरी चूक व्हेरिएंटची, म्हणजे त्याच मॉडेलच्या कमी-जास्त सुविधांच्या प्रकारांतील निवडीची. मधल्या व्हेरिएंटमध्ये मोठा टचस्क्रीन होता, पण मागच्या काचेला वायपर आणि डिफॉगर नव्हता. तो त्याच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये होता. शोरूमच्या दिव्यांत ही उणीव लक्षात आली नाही. डिसेंबरात कोयना खोऱ्यातील पहाटेच्या धुक्यात मागची काच पांढरी झाली, तेव्हा ती कळली. पावसाळी भागात राहणाऱ्याने व्हेरिएंटचा तक्ता टचस्क्रीनच्या ओळीपासून न वाचता काच, दिवे आणि ब्रेक यांच्या ओळींपासून वाचायला हवा होता. त्याच कारणाने एक टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर घ्यायला हवी होती.

तिसरी चूक साधी होती. माहितीपत्रकातील रुंदी आरशांशिवायची असते. घरासमोरच्या बोळाच्या तोंडाशी एक दगडी जोते पुढे आलेले आहे, आणि तिथून जाताना दर वेळी आरसे मिटवावे लागतात. टेस्ट ड्राइव्हची गाडी एकदा घरापर्यंत आणली असती, तर हे पाच मिनिटांत कळले असते. पत्नी आता आठवड्यातून दोनदा स्वतः गाडी घेऊन केंद्रावर जातात. त्या निघाल्या की धाकटा मुलगा जोत्याजवळ उभा राहून हाताने दिशा दाखवतो.